ब्रह्मावर्ताची निवड : पदच्युत पेशव्यांच्या वास्तव्यस्थानाचा प्रश्न

इ. स. १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कम याच्या छावणीत येऊन राज्यत्याग केला, त्यास आठ लक्ष रुपयांची वार्षिक नेमणूक मिळाली व तो ब्रह्मावर्तास जाऊन राहिला, एवढ्या एका वाक्यात या पेशव्याच्या उत्तरायुष्याची बोळवण करण्याची इतिहासलेखनाची रीत पडलेली आहे. राज्य गेले कसे, यासंबंधी विपुल लिहिले गेले. राज्य गेल्यावर माणसे गेली कोठे व तेच स्थळ का, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९४४ मध्ये बाजीराव व त्याच्यावर नेमलेले इंग्रज कमिशनर यांच्यासंबंधी स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळे ब्रह्मावर्ताच्या वास्तव्याचा कागदोपत्री आधार अभ्यासकांस सुलभ झाला. तथापि मराठी वाचकाच्या मनात ‘ब्रह्मावर्तास गेला’ या शब्दांचा जो अर्थ रूढ आहे, तो बहुधा असा, की विलासी व धर्मभोळ्या पेशव्याने गंगातीरीचे एक क्षेत्र पसंत केले आणि तेथे तो स्वस्थ बसला. हा अर्थ बरोबर नाही. ब्रह्मावर्त हे बाजीरावाच्या पहिल्या पसंतीचे स्थान नव्हते, तसेच कलकत्त्याच्या सरकारच्याही पहिल्या पसंतीचे नव्हते. दोन्ही पक्षांनी आपापली पहिली पसंती सोडल्यावर जे उरले ते ब्रह्मावर्त होय.

या निवडीचे मर्म ध्यानात येण्यासाठी पेशवाईतील उत्तरायुष्याच्या वास्तव्याची परंपरा प्रथम पाहिली पाहिजे. राजकारणातून अंग काढून घेतलेल्या अथवा काढून घ्यावे लागलेल्या व्यक्तीने राजधानीपासून काही मजलांवर, नदीकाठच्या एखाद्या गावी जाऊन राहावे, ही रीत अठराव्या शतकात चांगलीच रुळलेली होती. नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूनंतर (१७६१) त्यांची पत्नी गोपिकाबाई ही पुत्र माधवराव याच्याशी बेबनाव झाल्यामुळे नाशिकनजीक गोदातीरी गंगापूर येथे जाऊन राहिली व १७८८ मध्ये नाशिक क्षेत्रीच तिचा अंत झाला. नारायणरावाच्या वधानंतर (१७७३) रामशास्त्री प्रभुणे यांनी पुणे सोडले, ते वाईजवळील पांडववाडीस गेले. बारभाईंचा अंमल स्थिर झाल्यावर त्यांस सन्मानाने परत बोलावण्यात आले. नाना फडणीस यांनी वाईनजीक मेणवली येथे कृष्णाकाठी वाडा व घाट बांधून उत्तरायुष्याची जणू तरतूदच करून ठेविली. परंतु त्यांस मरण आले ते १८०० मध्ये पुण्यासच, कारभाराच्या धबडग्यात. गाव निवडणे व त्या गावी राहावयास मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

या सर्व स्थळांत काही गोष्टी समान आढळतात. नदी असावी आणि तिच्या काठी स्नानसंध्येची व दानधर्माची सोय असावी, हे उघडच आहे. परंतु तितकीच महत्त्वाची अट अशी की पदरची माणसे पोसता येतील एवढे गावाचे अथवा नेमणुकीचे उत्पन्न हवे. पुण्यापासूनचे अंतर हाही विचार असेच. अंतर फार कमी असेल तर कारस्थानाचा संशय येणार, फार अधिक असेल तर माणूस विस्मरणात जाणार. पांडववाडी व मेणवली ही पुण्यापासून काही मजलांवरच आहेत. गंगापूर दूर आहे, पण नाशिकसारख्या क्षेत्राच्या सान्निध्यामुळे तेथे येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता कधी तुटला नाही. निवृत्तीचे स्थान म्हणून वर धर्माचे आवरण असले तरी खाली राजकारणाचे गणित असेच, आणि ते त्या काळच्या लोकांस पुरते ठाऊक होते.

वास्तव्याचा हा प्रश्न तहाच्या कलमात आला तो बाजीरावाच्या पित्याच्या निमित्ताने. १७८२ च्या सालबाईच्या तहाच्या सहाव्या कलमाचा विषय रघुनाथराव हाच आहे. तह पुरा झाल्यापासून चार महिन्यांच्या मुदतीत रघुनाथरावाने आपल्या राहण्याचे ठिकाण ठरवावे. त्यानंतर इंग्रजांनी त्यास आश्रय, साहाय्य वा पैसा देऊ नये. आणि तो आपखुशीने महादजी शिंद्यांकडे जाऊन स्वस्थ राहील तर पेशव्यांच्या सरकारातून त्यास दरमहा पंचवीस हजार रुपये पावते व्हावेत, असा त्या कलमाचा आशय आहे. ज्या पुरुषाने अटकेपर्यंत मजल मारली त्यास आता राहण्याचे गाव ठरविण्यास चार महिने मिळाले! रघुनाथराव अखेर शिंद्यांच्या आश्रयास न राहता गोदातीरी कोपरगावी येऊन राहिला आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी वारला. बाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचाही नव्हता. त्याचे पुढील बालपण कोपरगाव व त्यानंतर नाशिकजवळील आनंदवल्ली येथे नजरकैदेतच गेले आणि आनंदवल्लीसच १७९४ मध्ये त्याची माता आनंदीबाई निवर्तली. भोवती पहारा, पुण्याहून येणारी मोजकी नेमणूक, नदी, देवालय आणि कुरकुरणारे आश्रित, हे चित्र बाजीरावास नवे नव्हते. सुमारे पस्तीस वर्षांनी ब्रह्मावर्तात जी व्यवस्था उभी राहिली, तिचा नमुना त्याने डोळ्यांनी पाहिलेला होता. त्याच्या चरित्रकारांनी या गोष्टीस द्यावे तितके महत्त्व दिलेले नाही.

दुसरे उदाहरण त्याच्याच घरातले. रघुनाथरावाचा दत्तक पुत्र अमृतराव यास १८०२ च्या हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकराने पुण्यात पुढे केले होते; वसईच्या तहानंतर बाजीराव परत येताच त्याची स्थिती बिकट झाली. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने जनरल आर्थर वेलस्ली याच्याशी करार केला व सात लक्ष रुपयांची वार्षिक नेमणूक मिळविली. पुढे तो काशीस व बुंदेलखंडातील चित्रकूटनजीक कर्वी-तिरोहां येथे राहिला. काशीत त्याने घाट व अन्नछत्र यांवर केलेला खर्च प्रसिद्धच आहे. १८२४ मध्ये त्याचा मृत्यू झाला व नेमणुकीचा लाभ काही अंशी त्याचा पुत्र विनायकराव याजकडे चालू राहिला. बाजीरावाच्या दृष्टीने या उदाहरणाचा अर्थ स्पष्ट होता. ज्यास आपण बंडखोर समजत होतो तो बंधू सात लक्ष घेऊन गंगातीरी सुखाने राहतो. तर मग खुद्द पेशव्यास त्याहून उणे का मिळावे, आणि काशी का मिळू नये? माल्कमने आठ लक्षांचा आकडा मान्य केला, त्यास अमृतरावाच्या सात लक्षांचा आधार होता हे लक्षात घेतले म्हणजे लॉर्ड हेस्टिंग्ज यास ही रक्कम अवाजवी का वाटली आणि माल्कमला ती तशी का वाटली नाही, याचा उलगडा होतो.

आता १ जून १८१८ रोजी माल्कमने धाडलेल्या अटी पाहू. पुण्याच्या राज्यावरील सर्व हक्क स्वतःसाठी व वारसांसाठी सोडणे, कुटुंब व थोडीच माणसे यांसह माल्कमच्या छावणीत येणे, दक्षिणेतील शांततेसाठी एका दिवसाचाही विलंब न करता हिंदुस्थानाकडे कूच करणे, स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी आठ लक्षांपेक्षा कमी नाही अशी नेमणूक घेणे, आणि हे सर्व चोवीस तासांत मान्य करणे, या त्यांतील मुख्य गोष्टी. वास्तव्याविषयीचे शब्द मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहेत. बाजीरावास काशी शहरी, अथवा त्याच्या विनंतीवरून गव्हर्नर जनरल राहण्यासाठी मुक्रर करील अशा हिंदुस्थानातील दुसऱ्या एखाद्या पवित्र स्थळी, सुखरूप पोचविण्यात येईल, असे तेथे म्हटले आहे.

या वाक्यात तीन गाठी आहेत. पहिली ‘हिंदुस्थान’ या शब्दाची. त्या काळच्या भाषेत हा शब्द दक्षिणेच्या विरुद्ध अर्थाने, म्हणजे नर्मदेपलीकडील उत्तरेचा प्रदेश, असा योजिला जाई. म्हणून या एका शब्दाने नाशिक, वाई, पंढरपूर, माहुली ही सर्व क्षेत्रे एकदम वगळली गेली. ज्या गोदावरीकाठी बाजीरावाचा पिता राहिला व वारला, जेथे त्याच्या चुलतीने पंचवीस वर्षांच्या सुमारास कालक्रमणा केली, ती गोदावरी त्याच्यासाठी कायमची बंद झाली. दुसरी गाठ ‘विनंतीवरून’ आणि ‘मुक्रर करील’ या शब्दांच्या जोडीत आहे. विनंती करणारा एक, ठरविणारा दुसरा. विनंती नाकारली गेल्यास काय, याविषयी अक्षर नाही. तिसरी गाठ व्याकरणाची. गव्हर्नर जनरलच्या संमतीची अट काशीसही लागू आहे, की ‘दुसऱ्या एखाद्या स्थळा’पुरतीच आहे? वाक्याच्या सरळ अन्वयाने पाहता काशीचे नाव अटीविना आलेले आहे आणि संमतीचा प्रश्न केवळ पर्यायी स्थळाच्या बाबतीत उद्भवतो. बाजीरावाने ते तसेच वाचले असल्यास त्यात नवल नाही. कलकत्त्याने मात्र संमतीची अट साऱ्या वाक्यास लागू असल्याप्रमाणे व्यवहार केला. घाईने लिहिलेल्या तहातील एक स्वल्पविराम किती महाग पडतो, याचा अनुभव मराठी मुत्सद्द्यांस पूर्वीही आलेला होता. सालबाईच्या वेळी नाना फडणिसांनी कलमाकलमावर महिनोन्महिने घासाघीस केली. बाजीरावास चोवीस तास मिळाले.

३ जूनच्या सुमारास असीरगडानजीक माल्कमच्या छावणीत तो दाखल झाला. पुढील आठवड्यातच त्याच्या पदरच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी दंगा केला व माल्कमला मध्यस्थी करावी लागली. उत्तरेकडील प्रवास पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाला. लवकरच माल्कम मागे राहिला आणि लेफ्टनंट जॉन लो याजकडे पेशव्याची जबाबदारी सोपविण्यात आली. राहण्याचे ठिकाण अद्याप ठरलेले नव्हते. हजारो माणसांचा तांडा मजल दरमजल उत्तरेस सरकत आहे आणि आपण कोठे चाललो आहो हे खुद्द त्याच्या धन्यासही ठाऊक नाही, अशी ती स्थिती होती. ही वाटचाल सुरू असतानाच वास्तव्याविषयीचा पत्रव्यवहार चालला.

बाजीरावाचा आग्रह काशीचा होता आणि त्याची कारणे केवळ पुण्यसंचयाची नव्हती. काशी ही दक्षिणी लोकांच्या दृष्टीने परकी भूमी नव्हे. सोळाव्या शतकातील नारायणभट्टापासून गागाभट्टापर्यंतच्या पंडित घराण्यामुळे, पेशव्यांनी व त्यांच्या सरदारांनी बांधलेल्या घाटांमुळे आणि बाजीरावाची पणजी राधाबाई हिच्या १७३५ च्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांमुळे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात दक्षिणी वस्ती पिढ्यान्पिढ्या नांदत होती. तेथे मराठी बोलणारा भिक्षुक होता, हुंडी वटविणारा सावकार होता, देशावरचे धान्य व मसाले यांची ओळख असलेला वाणी होता. काशीवास पत्करणाऱ्या दक्षिणी वृद्धांची व विधवांची परंपराही जुनी होती. थोडक्यात, बाजीरावाच्या माणसांना गंगाकाठी पुणे मिळेल अशी जागा एकच होती.

नेमक्या याच कारणासाठी कंपनी सरकारला ती नको होती. जेथे महाराष्ट्रातून दरसाल यात्रेकरू येतात, जेथून पत्रे व निरोप सहज दक्षिणेत जातात, तेथे पदच्युत पेशव्यास नेऊन बसविणे म्हणजे गंगातीरी दुसरा दरबार भरविणे होय, अशी ही विचारसरणी होती. येथे एक आक्षेप संभवतो. काशी जर इतकी धोक्याची, तर बाजीरावाचा धाकटा बंधू चिमाजी आप्पा यास त्याच सुमारास दोन लक्षांच्या नेमणुकीवर काशीसच कसे ठेवले? आणि पुढे १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांस पदच्युत केल्यावर सरकारनेच त्यांस काशीस नेऊन ठेविले, १८४७ मध्ये त्यांचा अंतही तेथेच झाला, याची संगती कशी लावावयाची? यावरून दिसते ते असे की सरकारचा आक्षेप स्थळास नव्हता, स्थळ आणि व्यक्ती यांच्या संयोगास होता. चिमाजी आप्पा हा ज्याच्या नावावर फौज गोळा होईल असा पुरुष नव्हता. प्रतापसिंहांच्या वेळी तर पेशवाई बुडून दोन तपे लोटली होती आणि त्यांचा लढा चालला होता तो लंडनमध्ये, रंगो बापूजींच्या अर्जविनंत्यांनी. १८१८ मध्ये मात्र बाजीरावाच्या नावाने जमलेल्या फौजा पुरत्या पांगल्याही नव्हत्या. शिवाय काशीत अमृतराव व चिमाजी आप्पा यांच्या जोडीला बाजीराव जाऊन बसला, तर रघुनाथरावाचे तिन्ही पुत्र एका घाटाच्या परिसरात एकत्र येणार होते.

कलकत्त्याकडून पुढे आलेली नावे मुंगेर व गोरखपूर ही होत. यांपैकी मुंगेर गंगाकाठी आहे. तेथे जुना किल्ला आहे. परंतु ते पूर्वेस फार दूर, बिहारात. तेथे दक्षिणी वस्ती नव्हती आणि दक्षिणी मनावर त्या नावाचा कसलाही संस्कार नव्हता. गोरखपूर तर राप्तीकाठी, गंगाच नाही. माल्कमच्या अटीत ‘पवित्र स्थळ’ हे शब्द आहेत आणि या शब्दांचा आधार बाजीरावाने सोडला नाही. लढाईत ज्याने एकही ठिकाण नेटाने धरले नाही, असा लौकिक असलेल्या या पुरुषाने राहण्याच्या ठिकाणाबाबत मात्र महिनोन्महिने हट्ट धरला, ही गोष्ट मोठी मार्मिक आहे. ‘पळपुटा’ हे विशेषण ज्यांनी त्यास चिकटविले त्यांनी हा पत्रव्यवहार पाहिलेला नसावा. त्याच्या युद्धनेतृत्वाचे समर्थन यातून होत नाही. परंतु आपल्या माणसांसह कोठे मरावयाचे याची किंमत त्यास पुरती कळत होती, एवढे निश्चित.

अखेर ब्रह्मावर्त, म्हणजेच बिठूर, या नावावर उभय पक्ष आले. गंगेच्या उजव्या तीरावरचे हे गाव कानपुराच्या वर सुमारे बारा मैलांवर आहे. ब्रह्मदेवाने सृष्टिरचनेनंतर येथे अश्वमेध केला अशी कथा. ब्रह्मावर्त घाट, ध्रुवटेकडी, वाल्मीकीचा आश्रम, कार्तिकी पौर्णिमेची जत्रा, यांमुळे ‘पवित्र स्थळ’ या शब्दांची पूर्तता निर्विवाद होत होती. क्षेत्र होते, परंतु काशीसारखे अखिल भारतीय नव्हते. दक्षिणी यात्रेकरूंच्या ठरलेल्या मार्गावर ते मुख्य स्थान नव्हते. कंपनीच्या दृष्टीने त्याचा खरा गुण वेगळाच होता. १८०१ मध्ये अयोध्येच्या नवाबाकडून मिळालेल्या मुलुखात हे गाव होते आणि कानपूर ही त्या प्रांतातील मोठी लष्करी छावणी. जिल्ह्याची कचेरीही काही वर्षे बिठुरास होती. म्हणजे गंगा बाजीरावाची आणि छावणी कंपनीची, असा हा सौदा ठरला. नदीच्या पलीकडील तीर अयोध्येच्या राज्यात होता, या गोष्टीची चिंता त्या वेळी कोणास वाटलेली दिसत नाही. १८१९ मध्ये तर तेथील नवाब-वजिराने कंपनीच्याच उत्तेजनाने राजपद धारण केले. त्या पैलतीराचे महत्त्व कळण्यास आणखी अडतीस वर्षे जावयाची होती.

१८१९ च्या आरंभी बाजीराव ब्रह्मावर्तास पोचला. त्या वेळी त्याचे वय चव्वेचाळीस वर्षांचे होते. पेशवेपद त्याने बावीस वर्षे भोगले. ब्रह्मावर्तात तो बत्तीस वर्षे राहिला व २८ जानेवारी १८५१ रोजी वारला. आठ लक्षांच्या हिशेबाने कंपनीने त्यास या काळात अडीच कोटींहून अधिक रुपये दिले. नेमणूक फार दिवस द्यावी लागणार नाही असा ज्यांचा अंदाज होता, त्यांची मोठीच फसगत झाली. कमिशनर येत गेले, जात गेले. पहिला लो, शेवटचा मॅन्सन. बाजीरावास कोठे जावयाचे झाले तर कमिशनरच्या अनुमतीवाचून जाता येत नसे. पाहुणा कोण आला, पत्र कोणाचे आले, याची खबर ठेवली जाई. ज्यास वास्तव्यस्थान म्हटले त्यातून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. आणि शास्त्रात क्षेत्रसंन्यास म्हणून जे व्रत सांगितले आहे, त्यातही क्षेत्राबाहेर पाऊल न टाकण्याचीच प्रतिज्ञा असते. कंपनीच्या नियमात आणि या व्रतात बाह्यतः एवढे साम्य होते की पेशव्याच्या मानी स्वभावास त्याचा थोडाफार आधार वाटला असेल.

परंतु वास्तव्यस्थानाचा विचार एकट्या पेशव्यापुरता करणे हा या विषयातील सर्वांत मोठा दोष होय. अटीत ‘थोडीच माणसे’ म्हटले होते. प्रत्यक्षात ब्रह्मावर्तात जमलेल्यांची गणना हजारांच्या घरात गेली. शिलेदार, कारकून, आचारी, पुराणिक, वैद्य, हुजरे, त्यांची कुटुंबे, आणि ज्यांचे धनी लढाईत पडले अशा विधवा, यांनी गाव भरून गेला. सरकारने रमेल येथील जमीन जहागीर म्हणून लावून दिली. त्या जहागिरीस ‘अराझी लष्कर’ असे नाव पडले. १८३२ च्या पहिल्या रेग्युलेशनने ती कंपनीच्या न्यायालयांच्या अधिकारातून मुक्त करण्यात आली. येथे एक मौज घडली. दरबार भरू नये म्हणून काशी नाकारली, आणि काशीपासून दूर अशा लहान क्षेत्री लोक एकवटल्यामुळे न्यायमनसुबीसह एक छोटेखानी दरबार कंपनीने स्वतःच्याच कायद्याने उभा केला. काशीत हे लोक इतर दक्षिणी वस्तीत विरून गेले असते. ब्रह्मावर्तात ते पेशव्यांचे लोक म्हणूनच राहिले. काशीत त्यांस पोटापाण्याचा दुसरा उद्योग मिळण्याचा संभव होता. येथे नेमणुकीवाचून अन्य आधार नव्हता.

या माणसांनी हे गाव निवडले नव्हते. रत्नागिरीचा एखादा कारकून अगर वाईचा एखादा शिलेदार अंतर्वेदीच्या उन्हाळ्यात येऊन राहिला, तो धन्याच्या मागे. परत जाण्यास बंदी नव्हती. परंतु दक्षिणेत वतने जप्त झालेली, नवा अंमल बसलेला, ओळखीचे दरवाजे बंद झालेले. माल्कमच्या अटींत बाजीरावाच्या निष्ठेपायी बुडालेल्या जहागीरदारांचा व आश्रितांचा उदार बुद्धीने विचार होईल असे म्हटले होते. त्याचा लाभ नामांकित घराण्यांस झाला, सामान्यांपर्यंत तो क्वचितच झिरपला. वेणगावचे माधवराव नारायण भट ब्रह्मावर्तास आले. त्यांचा पुत्र धोंडोपंत यास बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतले. तात्या टोपे यांचे वडील पांडुरंगपंत हे पेशव्यांच्या मागोमाग आलेल्या मंडळींपैकीच. काशीत चिमाजी आप्पाच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे १८३० मध्ये धनी निवर्तल्यावर कन्येसह ब्रह्मावर्तास आले. नाना, मनू व तात्या यांच्या एकत्र बालक्रीडांच्या ज्या कथा रंगविल्या जातात त्यांस वयाच्या हिशेबाने फारसा आधार मिळत नाही. राणीच्या जन्मसालाविषयीच १८२८ व १८३५ असे मतभेद आहेत. परंतु ही माणसे एका गावी आली ती का, याचे उत्तर कथेत नसून १८१८ च्या पत्रव्यवहारात आहे. त्या वेळी काशी मिळाली असती अथवा मुंगेर पत्करले गेले असते, तर कानपुराशेजारी त्यांची वस्ती झालीच नसती.

बाजीरावाच्या मृत्यूनंतर नेमणूक बंद झाली. लॉर्ड डलहौसीच्या सरकारचे म्हणणे असे की ती व्यक्तिशः पेशव्यास होती. नानासाहेबाने १८५२ च्या अखेरीस विलायतेस धाडलेल्या अर्जात भर दिला तो माल्कमच्या अटीतील ‘स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी’ या शब्दांवर. अझीमुल्लाखान लंडनपर्यंत जाऊन आला. निकाल फिरला नाही. चौतीस वर्षांपूर्वी वास्तव्याच्या कलमाचा अर्थ जसा देणाऱ्याने लावला तसा ठरला, तसाच निर्वाहाच्या कलमाचाही. जहागीर नानासाहेबाच्या हयातीपुरती राखण्यात आली. मात्र न्यायाधिकार गेले. म्हणजे राहण्याची जागा उरली आणि तेथे राहणाऱ्यांस पोसण्याचे साधन गेले. नेमणुकीच्या रकमेकडे पाहून या प्रश्नास केवळ पैशाचा म्हणणारे लेखक एक गोष्ट विसरतात. अन्य उद्योगधंद्यांच्या मोठ्या शहरापासून दूर, एका क्षेत्राच्या गावी, हजारो अवलंबितांसह एखाद्या घराण्यास बसविले असता त्या गावाचे अर्थकारण त्या एका नेमणुकीवरच उभे राहते. ती थांबली तेव्हा थांबलेला व्यवहार होता तो साऱ्या गावाचा.

१८५७ च्या जुलैत हॅव्हलॉकच्या फौजा बिठुरावर आल्या. डिसेंबरात होप ग्रँटच्या तुकडीने पेशव्यांचा वाडा व देवालय जमीनदोस्त केले आणि विहिरी उपसून द्रव्य काढले. नानासाहेब गंगा उतरून अयोध्येच्या प्रांतातून नेपाळकडे गेला. १८१९ मध्ये ज्याचा विचार झाला नव्हता तो हाच पैलतीर. ज्यांचे नाव कोणत्याही तहात नव्हते त्या दक्षिणी कुटुंबांपैकी काही मात्र त्यानंतरही ब्रह्मावर्तातच राहिली.